पाव्हण्यांचं मत

कोल्हापुरात दोन गोष्टी विचार करूनच ठरवाव्या लागतात. शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसायचं आणि मुलगी कुठल्या पेठेत द्यायची. दुसऱ्या बाबतीत आमच्या वडिलांनी घाई केली. मुलगा निर्व्यसनी होता, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहीत होता, स्वतःचं घर होतं आणि घराला ऐसपैस गच्ची होती. सगळं बघितलं, पण मुलगा कुठल्या तालमीचा, हे विचारायचं राहून गेलं. साखरपुड्याला त्याचे मित्र त्यांच्या तालमीच्या रंगाचे फेटे बांधून आले तेव्हा उलगडा झाला, आणि तोवर पेढे वाटून झाले होते. अशा रीतीनं आमच्या पिढीजात प्रतिस्पर्ध्यांचा माणूस माझा दाजी झाला. पुढं तो त्यांच्या फुटबॉल संघाचा मॅनेजरही झाला.

बाहेरगावच्या वाचकांना हे जरा उलगडून सांगायला हवं. कोल्हापूर म्हटलं की लोकांना खासबागचं मैदान आणि लाल माती आठवते. पण ज्या तालमींनी मल्ल घडवले त्यांनीच पेठापेठांतून फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढं लंगोट आला तर त्याचा दोष नाही, पण सीझनमध्ये ही नावं निघाली की आमच्या डोळ्यांपुढं फॉरवर्ड लाइन येते. थंडीत कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग सुरू होते आणि मग उन्हाळ्यापर्यंत चषकामागून चषक चालतात. नायजेरियाहून आलेले खेळाडू इथल्या संघांकडून खेळले आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात आमचा अनिकेत जाधव होता आणि त्या दिवसांत त्याला मांडीवर खेळवल्याचा दावा करणारी माणसं प्रत्येक पेठेत निघाली.

आमची तालीम या मोठ्या नावांतली नाही. दाजींचीही नाही. म्हणूनच आमची खुन्नस जास्त चिवट आहे. मोठ्या संघांना चषकाची ईर्षा असते, आम्हाला फक्त एकमेकांची. चषक कुणीही नेवो, त्यांना पाडलं की आमचा सीझन सार्थकी लागतो.

तालमीत मी तांत्रिक सल्लागार आहे. हे पद घटनेत नाही, लेटरहेडवर नाही, पण मी सल्ला देतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो कुणी घेत नाही हे मला ठाऊक आहे. खेळाडू म्हणून माझी कारकीर्द गुडघ्यानं संपवली, असं मी सांगतो. गुडघ्याचं म्हणणं वेगळं आहे.

वर्षानुवर्षं दाजींचा संघ आमच्याकडून हरत आला. हरला की येणाऱ्या रविवारी मी बहिणीकडं जेवायला जायचो. जिंकलेल्यानं हरलेल्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करावी, यालाच खेळाडूवृत्ती म्हणतात अशी माझी समजूत. तांबडा, पांढरा, सुकं मटण असा बेत असायचा. दाजी स्वतः आग्रह करून वाढायचे आणि पहिला भुरका झाला की पडेल आवाजात विचारायचे, "पाव्हणं, आमचं काय चुकलं असंल?" हरलेल्या माणसाचा हा विनय मला फार भावायचा.

मग गेल्या सीझनमध्ये ते सुधारले.

प्रतिस्पर्धी हरतो तेव्हा आपल्याला त्याची दया येते, कधी कधी मायाही येते. तो सुधारला की मात्र त्यानं आपला विश्वासघात केल्यासारखं वाटतं. आमच्याशी झालेल्या सामन्यात पहिला कॉर्नर मिळाला तेव्हा त्यांची पोरं नेहमीसारखी गोलपुढं झुंबड करून उभी राहिलीच नाहीत. एक किरकोळ पोरगा सावकाश चालत आला आणि आमच्या कीपरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आमचा कीपर उंचापुरा, डोक्यावर कायम हिरवी टोपी, मोठा देखणा गडी. तो जवळच्या खांबाला जो चिकटला तो तिथंच राहिला. बॉल त्याच्या डोक्यावरून लांबच्या खांबाकडं गेला, तिथं कुणीतरी निवांत उभा होता, त्यानं हेड मारला. पुढच्या कॉर्नरला पुन्हा तेच. मग त्यांनी सगळा खेळ आमच्या डावीकडून सुरू केला. आमचा लेफ्ट बॅक बॉल मिळाला की दर वेळी उजव्या पायावर घेऊन आत वळायचा आणि तो वळणार हे आधीच कळल्यासारखा एक जण तिथं हजर असायचा. ३-०. आमच्या बाजूची हलगी दुसऱ्या गोलनंतर गप्प झाली, ती वाजवणारा तिसऱ्याच्या आधी घरी गेला.

संध्याकाळी कट्ट्यावर बैठक बसली. पराभवाची कारणं शोधणं यात आमच्या तालमीचा हात कुणी धरणार नाही. रेफ्री त्यांना सामील होता, हे बसता बसताच एकमतानं मंजूर झालं. मग मैदानाचा उतार निघाला. मग पश्चिमेचं ऊन. स्टॉपरच्या घरी आदल्या रात्री बारसं होतं, त्यामुळं त्याची झोप झाली नव्हती. एकानं गोलपोस्टमागं लिंबू पडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यावर बरीच गंभीर चर्चा झाली, पण चौकशीअंती ते सरबतवाल्याचं निघालं. ते चांगलं खेळले, ही शक्यता कुणीही मांडली नाही. मीही नाही.

शेवटी आमचे अध्यक्ष आबा बोलले. "रेफ्री, ऊन, लिंबू सगळं राहू दे. ती पोरं सरावाला काय करत्यात, ते कुणीतरी बघून या." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आबा म्हणाले, "तुझी बहीण दिल्या न्हवं तिकडं?"

दाजींच्या गच्चीवरून त्यांचं सरावाचं मैदान दिसतं. स्थळ बघताना वडिलांनी त्या गच्चीचं कौतुक केलं होतं, ते असं फळाला आलं. मी पहाटेच जाऊन कडी वाजवली. बहिणीनं दार उघडलं, माझ्या हातातली वही-पेन्सिल बघितली आणि एक अक्षरही विचारलं नाही. "बरं झालं आलास दादा. कुरडया घालायला घेतल्यात. वर बस आणि कावळे हाकल." हेराला वेशांतर लागतं. मला कुरडया राखणाऱ्याचं मिळालं. एक मोडकी छत्री आणि वेळूची काठी घेऊन मी गच्चीच्या कठड्याशी ठाण मांडलं.

पाहणी कसून केली. वहीत नोंदी घेतल्या. केळी: प्रत्येकी एक, सराव संपल्यावर. रंगीत कोन: ओळीनं मांडलेले, त्यांतून बॉल काढतात. मोजे: गुडघ्यापर्यंत, सगळ्यांचे एकाच रंगाचे. कोच ओरडत नाही. (याखाली मी दुहेरी रेघ मारली. आमच्याकडं न ओरडणाऱ्याला कोच म्हणत नाहीत.) काही पोरं बॉल नसताना मोकळ्या जागेत पळत सुटतात, बॉल त्यांच्याकडं येत नाही, तरी पुन्हा पळतात. पुढं कंसात लिहिलं, 'कारण समजले नाही'.

आणखी एक प्रकार दिसला. एका गोलपुढं कॉर्नरचा सराव चालला होता आणि एक उंच पोरगा हिरवी टोपी घालून जवळच्या खांबाला चिकटून उभा होता. दर कॉर्नरला तो मुद्दाम तिथंच अडकायचा, बॉल डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि बाकीचे हसायचे. यात शिकण्यासारखं काही दिसेना, म्हणून वहीत घेतलं नाही.

इतक्यात खालून हाक आली. "मामा! तिथनं उन्हामुळं नीट दिसणार न्हाई, खाली या की!" माझा भाचा त्यांचा राइट विंगर. अख्खा संघ वर बघायला लागला. न ओरडणाऱ्या कोचनंही हात केला. मी छत्री उघडून तोंडापुढं धरली आणि कावळे हाकलण्याचं नाटक करू लागलो. खरे कावळे तोवर पाठीमागच्या चादरीवर पंगतीला बसले होते. बहीण वर आली, उरलेल्या कुरडया बघितल्या आणि म्हणाली, "तुझ्या टीमचं काय चुकतंय ते मला आत्ता कळलं."

माझा अहवाल तालमीत उभं राहून वाचला गेला आणि अंमलबजावणीला लागलीच सुरुवात झाली. केळी आली. सराव संपल्यावर द्यायची होती, पण सराव संपेपर्यंत कोण थांबतोय, या विचारानं पोरांनी ती आधीच संपवली आणि मग धावायला नकार दिला. कोन आले. ते रस्त्याच्या कामावरचे होते, कमरेएवढे उंच. कुठून आले ते आबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमचा बुटका विंगर एका कोनामागं बसून मोबाइल बघायचा, तो सापडायचाच नाही. एकसारखे मोजे वर्गणी काढून आणले, पहिल्याच धुण्यात त्यांचा रंग गेला आणि सगळ्यांच्या पोटऱ्या निळ्या झाल्या. आमच्या कोचनं माझ्या सांगण्यावरून एका सकाळी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पोरांना वाटलं घरी काहीतरी वाईट घडलंय, आणि दुपारी चार जण त्यांना भेटायला गेले. बॉल नसताना पळायला सांगितलं, तर स्टॉपरनं विचारलं, "शिक्षा कशापायी?"

यावरून मी असा निष्कर्ष काढला की छोट्या संघाकडून शिकण्यात अर्थ नाही. शिकायचं तर जगातल्या थोर सुधारणेकडून शिकावं. मग मी रात्ररात्र जागून इतिहासात शिरलो आणि वेम्बलेवर जाऊन पोचलो.

२५ नोव्हेंबर १९५३. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही संघानं इंग्लंडला तोवर इंग्लंडमध्ये हरवलं नव्हतं. समोर हंगेरी, आदल्या वर्षीचे ऑलिंपिक विजेते. त्यांचा कॅप्टन पुश्काश अंगानं जरा भरलेला. त्याच्या पोटाकडं बघून एक इंग्लिश खेळाडू हसला, असं सांगतात. (हे वाचताना मी सरळ बसलो.) पहिल्याच मिनिटात हिदेगकुटीनं गोल मारला. हा माणूस नावाचा सेंटर फॉरवर्ड, पण उभा राहायचा मागं, हाफच्या आसपास. इंग्लंडचा स्टॉपर हॅरी जॉन्स्टन गोंधळला. त्याच्या मागं जावं तर गोलपुढं वाट मोकळी, न जावं तर हा मोकळा. पुश्काशनं बॉल पायाच्या तळव्यानं मागं ओढला, इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट रिकाम्या जागेत घसरत निघून गेला आणि बॉल जाळ्यात. ६-३. त्यात हिदेगकुटीचे तीन. हंगेरीचे कोच शेबेश यांनी तर घरीच वेम्बलेच्या मापाचं मैदान आखून, इंग्लिश बॉल आणून आधी सराव करून घेतला होता. इंग्लंडनं यावर काय केलं? संघातली माणसं बदलली, खेळ तोच ठेवला आणि पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला जाऊन ७-१ असा मार खाल्ला.

शिकलं ते मँचेस्टर सिटी. त्यांनी हिदेगकुटीची चाल आधी आपल्या राखीव संघात घासूनपुसून बघितली, मग डॉन रेव्हीला सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून मागं आणलं. १९५५ मध्ये ते एफए कपच्या फायनलला पोचले, १९५६ मध्ये कप जिंकले.

मी तालमीच्या भिंतीवर खडूनं हंगेरी काढली आणि आमच्या सेंटर फॉरवर्डला मागं येण्याचा आदेश दिला. हा गडी गोलपासून दहा पावलांवर उभा राहतो आणि बॉल पायात आणून दिला नाही तर आईबापांचा उद्धार करतो. तो म्हणाला, "मी मागं आलो तर गोल कोण मारणार?"

"कुणीही मारील. हीच तर गंमत आहे."

"आणि पेपरात नाव?"

हिदेगकुटीलाही हा प्रश्न पडला असणार, पण इतिहासकारांनी त्याची नोंद ठेवलेली नाही. पेपरात नाव छापून आणायची हमी मी घेतली आणि एका कॉलेजच्या पोरांबरोबर मैत्रीपूर्ण सामना ठरवला. सेंटर फॉरवर्ड मागं आला. अजून मागं आला. उत्तरार्धात तो आमच्याच स्टॉपरच्या शेजारी उभा राहून, हे डोकं कुणाचं, यावर त्याच्याशी वाद घालत होता. पुढं आमचं कुणीच उरलं नाही. कॉलेजच्या स्टॉपरला सांभाळायला माणूस राहिला नाही, अगदी हॅरी जॉन्स्टनसारखंच. फरक एवढाच की हा गोंधळला नाही. कुणी नाही म्हटल्यावर तो सरळ पुढं आला आणि दोन गोल मारून गेला. आम्ही ५-० हरलो.

मी मात्र उडी मारून उठलो. "आबा, आपण बरोबर वाटेवर आहोत! मँचेस्टर सिटीनं ही चाल घेऊन १९५४ चा सीझन सुरू केला, तेव्हा पहिल्याच सामन्यात प्रेस्टननं त्यांना ५-० च हरवलं होतं!"

"मग पुढं?"

"पुढं कप की."

"कधी?"

"दुसऱ्या वर्षी."

आबांनी मोजे काढून झटकणाऱ्या पोरांकडं बघितलं. "तवर तुला पेठेत ठेवून कोण घेणार?"

त्या रविवारी तोंड लपवायला जागा हवी होती, म्हणून बहिणीकडं गेलो. खेळाडूवृत्ती या वेळी उलट्या बाजूनं दाखवायची होती. जेवण झालं, दाजी खाटेवर आडवे झाले, घोरू लागले. तेवढ्यात भाचा आला. त्याच्या हातात लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी, अडतीवर वापरतात तसली.

"मामा, एक अडलंय. हे तुम्ही म्हणालाय त्याचा अर्थ सांगा. 'लेफ्ट बॅक दाबला की आत वळतो.' म्हंजे पहिल्यांदा बाहेर दाबायचा का थेट?"

मी खतावणी हातात घेतली. दाजींचं मोत्यासारखं अक्षर. पानाच्या मध्ये उभी रेघ, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. वर तारीख आणि मथळा: पाव्हण्यांचं मत. नावे बाजूला लिहिलं होतं, मटण एक किलो, नारळ, कोथिंबीर. जमा बाजूला: लेफ्ट बॅक.

पानं उलटत गेलो. अर्धा किलोच्या पानावर नुसता थ्रो-इन होता. एक किलोला कीपर: 'उंच आहे, पण कॉर्नरला जवळचा खांब सोडत नाही. पुढ्यात माणूस उभा केला तर जागचा हलणार नाही, असे पाव्हणे म्हणतात.' दिवाळीनंतरच्या एका रविवारी दीड किलो आलं होतं आणि त्या पानावर आमचा अख्खा डिफेन्स होता, स्टॉपरच्या सासुरवाडीसकट. शिवाय त्यांच्या स्वतःच्या संघाबद्दलची माझी मतं वेगळ्या पानांवर: पोरं बॉलमागं गर्दी करतात, मोकळ्या जागेत कुणी पळत नाही, कोचच्या ओरडण्यानं पोरं बावचळतात. प्रत्येक नोंदीपुढं बरोबरची खूण. केळ्यांचा विषयही माझाच निघाला. त्यांच्या गच्चीवर बसून मी ज्याची चोरी करत होतो तो माल माझाच होता, आणि त्यातलाही मी फक्त केळ्यांची सालं घेऊन आलो होतो.

ही सगळी मतं मी आमच्या तालमीत कधीच का मांडली नाहीत? तर एकदा मांडून बघितलं होतं. लेफ्ट बॅकचा डावा पाय नुसता उभं राहायला आहे, एवढंच कट्ट्यावर बोललो. लेफ्ट बॅकचा सख्खा चुलता आमचा खजिनदार आहे. त्यानंतर बरेच दिवस कट्ट्यावर चहा आला की माझ्यापर्यंत येता येता कप संपायचे. आपल्या पेठेत आपल्या पोराचं उणं काढलं की ती फितुरी होते. तेच उणं प्रतिस्पर्ध्याच्या ताटावर बसून काढलं की पाहुणचाराची परतफेड होते. त्यामुळं माझ्यातला तज्ज्ञ नेहमी पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीनंतर आणि चुकीच्या पेठेत जागा व्हायचा.

हंगेरीच्या गोष्टीतला जो भाग मी भिंतीवर काढलाच नव्हता तो तेव्हा आठवला. हंगेरीला खेळ शिकवणाऱ्यांत एक इंग्लिश माणूस होता. जिमी होगन, लँकेशायरमधल्या नेल्सन गावचा. बॉल जमिनीवर ठेवा, आपल्या माणसाला द्या, डोकं चालवा, असं तो सांगायचा. इंग्लंडमध्ये तेव्हा अशा शिकवणीची कुणाला गरज वाटत नव्हती, म्हणून तो व्हिएन्नात गेला. पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो शत्रूच्या मुलखात अडकला. तिथून बुडापेस्टला जाऊन त्यानं एमटीके क्लबच्या पोरांना घडवलं. युद्धानंतर मायदेशी परतला आणि फुटबॉल संघटनेकडं मदत मागायला गेला, तर सेक्रेटरीनं त्याच्या हातात खाकी मोज्यांचे जोड ठेवले, असं सांगतात. आघाडीवरच्या पोरांना हेच मिळत होतं, तू तर शत्रूकडं बसला होतास, असा त्याचा अर्थ. वेम्बलेवर ६-३ झाल्यावर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी याच होगनचं नाव घेऊन त्याचं ऋण मानलं. होगन त्या दिवशी वेम्बलेवरच होता, अॅस्टन व्हिला क्लबच्या पोरांना सामना दाखवायला घेऊन आला होता.

म्हणजे मी कोल्हापूरचा जिमी होगन! या विचारानं क्षणभर छाती भरून आली. मग लक्षात आलं की होगनला मोजे मिळाले होते, मला तेही वर्गणी काढून घ्यावे लागले.

दाजी जागे झाले. माझ्या मांडीवरची खतावणी बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "घेऊन जा की पाव्हणं. तुमचंच हाय त्यात सगळं. मटण तेवढं आमच्या नावे राहू दे."

"पण दाजी, हे तुम्ही लिहून का ठेवलंत?"

"आम्ही हरत होतो न्हवं, म्हणून लिहीत बसलो. जिंकणारा कशाला लिहितोय?" एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

खतावणी तालमीत वाचली. मथळा मुद्दाम गाळला. कीपरच्या नोंदीला कीपर उठून उभा राहिला, लेफ्ट बॅकच्या नोंदीला त्याचा चुलता. सासुरवाडीच्या उल्लेखाला स्टॉपरला तिघांनी धरून ठेवलं. मग कुणीतरी विचारलं, "पण त्यांना हे सांगितलं कुणी?" मी हंगेरीकडं, म्हणजे भिंतीकडं बघितलं. घरचा भेदी, लंकादहन, असे शब्द ऐकू यायला लागले. चहा आला आणि पुन्हा माझ्यापर्यंत पोचला नाही.

पण एवढ्या गोंधळात त्यातली एकही नोंद खोटी आहे, असं कुणी म्हणालं नाही. रेफ्री आणि लिंबू या दोन्हींना त्या दिवशी प्रथमच सुट्टी मिळाली. पुढं एकदा उजाडता उजाडता तालमीपाशी गेलो, तर लेफ्ट बॅक मागच्या भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारत होता. मला बघून थांबला आणि बॉल शोधत असल्यासारखं केलं. मीही बॉल दिसला नसल्यासारखं केलं. कीपरनं टोपी बदलली. आबांनी तेवढ्यावर न भागवता एक किरकोळ पोरगा त्याच्या पुढ्यात उभा करून कॉर्नर मारून घेतले आणि प्रत्येक कॉर्नरला त्याच्या नावानं ओरडायचं काम आमच्या कोचला दिलं. कोचचा आवाज परत आला याचा सगळ्यांनाच आनंद झाला.

परतीचा सामना आम्ही हरलोच, पण २-१ असा. कॉर्नरवर गोल खाल्ला नाही. लेफ्ट बॅकनं एकदा बॉल डाव्या पायानं मारला. तो सरळ प्रेक्षकांत गेला, पण आमच्या बाजूनं त्याला गोलापेक्षा जास्त टाळ्या पडल्या आणि त्याच्या चुलत्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. आमचा गोल कुणी मारला ते पेपरात छापून आलं, पण चुकीचं नाव आलं. ते सेंटर फॉरवर्डचं होतं, त्यामुळं खुलासा पाठवायला त्यानं सक्त मनाई केली.

कमिटीनं दोन ठराव केले. पहिला असा, की सीझन चालू असताना तांत्रिक सल्लागारांनी बहिणीकडं जेवायला जाऊ नये. भाऊबीज सीझनच्या आधी येते, म्हणून तिला हरकत नाही. दुसऱ्या ठरावानं दाजींना सहकुटुंब आमच्या घरी जेवायला बोलवायचं ठरलं. खर्चाला मंजुरी 'प्रशिक्षण' या सदराखाली. दीड किलो. आबा त्या वेळी सहज म्हणून येणार होते, आणि नवी कोरी वही सहज म्हणून त्यांच्या काखेत असणार होती.

दाजी आले. भाकरी कुस्करली, तांबड्याचा भुरका मारला. बायकोनं माझ्याकडं बघून आणखी एक पळी वाढली. आबांनी पेन्सिल कानावरून काढली आणि घसा खाकरून म्हणाले, "दाजी, तुमचा स्टॉपर यंदा जरा जड वाटतोय का हो?"

दाजींनी बोटं चाटली. कौतुकानं माझ्याकडं बघितलं आणि तोच जुना पडेल आवाज काढला. "आम्हाला काय कळतंय त्यातलं? पाव्हणं, तुम्हीच सांगा, आमचं काय चुकतंय?"

आबा डोळ्यांनी मला गप्प राहायला खुणावत होते. पण पांढऱ्याची दुसरी वाटी नुकतीच संपली होती. मी सांगायला लागलो. आधी त्यांच्या स्टॉपरबद्दल, मग ओघात आमच्या. दाजींनी खिशातून छोटी वही काढली. आबांनी माझ्याकडं एकदा जळजळीत बघितलं, मग आपली मोठी वही उघडली आणि तेही लिहायला लागले. तालमीच्या दप्तरात माझं मत पहिल्यांदाच जमा झालं. मटण मात्र या खेपेला आमच्या नावे पडलं.